‘बोर्ड’: एक उच्चार, दोन घराणी

(दृश्य: दगडी भिंतींचं लांबट दालन. दोघं नोकर फळ्या उचलून आणतायत.)

चौदाव्या शतकातलं इंग्लंड. एका सरदाराच्या घरातलं मुख्य दालन. जेवणाची वेळ झाली आहे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या लांब फळ्या नोकर उचलतात, लाकडी घोड्यांवर आडव्या टाकतात, वर कापड अंथरतात. झालं टेबल तयार. जेवणं आटोपली की फळ्या परत भिंतीशी, कारण याच जागेत रात्री कित्येकांना पथाऱ्या पसरायच्या असतात.

या फळीचं नाव बोर्ड.

आज हा शब्द वर्गाच्या भिंतीवर आहे, कंपनीच्या बैठकीत आहे, विमानतळावर आहे, कॉम्प्युटरच्या पोटात आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता साधी लाकडाची फळी. लढायांच्या कवितांमध्ये लाकडी ढालीलाही हेच नाव दिलेलं सापडतं. मग फळीचं टेबल झालं आणि टेबलालाही बोर्डच म्हणू लागले. स्वीडिश भाषेत हा अर्थ आजही जिवंत आहे. नाना पदार्थ मांडलेल्या ज्या मेजाला ‘स्मॉर्गसबोर्ड’ म्हणतात, त्यातला ‘बोर्ड’ म्हणजे स्वीडिशमधलं रोजच्या वापरातलं टेबल.

इंग्रजीत मात्र शब्द टेबलापाशी थांबला नाही, ताटात उतरला. बोर्डवर जे वाढलं जातं तेही बोर्ड. पैसे भरून दुसऱ्याच्या घरी जेवणारा-राहणारा तो बोर्डर. आणि मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय जी शाळा करते, ती बोर्डिंग स्कूल.

हा अर्थ किती खोल रुजला होता, हे कायद्यात दिसतं. १८५७ पूर्वीच्या इंग्लंडमध्ये नवरा-बायकोचं पटेनासं झालं, तर चर्चची न्यायालयं त्यांना ‘बेड अँड बोर्ड’पासून वेगळं करत. शेज वेगळी, ताट वेगळं. पण लग्न मोडायचं नाही. दोघं कायद्यानं पती-पत्नीच राहायची आणि दुसरं लग्न कुणालाच करता यायचं नाही. एकत्र झोपणं आणि एकत्र जेवणं, संसार म्हणजे नेमकं काय याची व्याख्या लॅटिनमधून आलेल्या त्या वाक्प्रचारानं करून टाकली होती. १८५७च्या विवाहविषयक कायद्यानं ही पद्धत बदलली.

(दृश्य: उघडी फळी, तिच्यावर ओळीनं मांडलेले धातूचे पेले.)

जाता जाता, कपाट. इंग्रजीत ‘कबर्ड’ म्हणतात ते मुळात ‘कप-बोर्ड’, म्हणजे पेले मांडून ठेवायची उघडी फळी. तिला दारं पुढे आली, आणि बोलता बोलता मधला ‘प’ गिळला गेला.

आता टेबलाभोवती बसलेल्या माणसांकडे वळू. जेवायला बसतात तिथेच सल्लामसलतही होते. हळूहळू त्या मंडळींनाच बोर्ड म्हणू लागले. लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाचा कारभार बघणारं ॲडमिरल्टी बोर्ड होतं. त्याच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या वर एक मोठी तबकडी बसवलेली आहे, घड्याळासारखी दिसणारी. तिचा काटा वेळ दाखवत नाही, वारा दाखवतो. छपरावरच्या वातकुक्कुटाला तो आतून जोडलेला आहे. शिडांच्या जमान्यात त्या काट्याला फार महत्त्व होतं. वारा कुठला आहे, आपली जहाजं बंदराबाहेर पडू शकतील का, शत्रूची इकडे येऊ शकतील का, हे बोर्डाच्या सदस्यांना जागेवरून न उठता कळायचं.

पत्ते आणि जुगार खेळणाऱ्यांनी याच टेबलाचा आणखी एक अर्थ काढला. हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे, म्हणजे ‘अबव्ह बोर्ड’. ज्यात लपवाछपवी नाही अशा व्यवहाराला इंग्रजीत अजून हेच म्हणतात.

(दृश्य: नॉर्वेतल्या टॉन्सबर्गजवळ सापडलेल्या ओसेबर्ग जहाजाचं छायाचित्र. कॅमेरा मागच्या टोकाकडे सरकतो.)

आता समुद्राकडे. मला या शब्दाची सर्वात आवडती बाजू हीच. नॉर्वेत १९०४ आणि १९०५मध्ये मातीच्या ढिगाऱ्याखालून उकरून काढलेलं हे नवव्या शतकातलं व्हायकिंग जहाज. मागच्या टोकाशी बघा. दिशा देणारं रुंद वल्हं मधोमध नाही, उजव्या अंगाला बांधलेलं आहे. सुकाणूची ही बाजू, म्हणून जुन्या इंग्रजीत तिचं नाव ‘स्टेओरबोर्ड’. आजचं ‘स्टारबोर्ड’ ते हेच. ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही. वल्हं धरून उभा राहिलेल्या माणसाची पाठ डावीकडे, म्हणून डावी बाजू ‘बॅकबोर्ड’, पाठीची बाजू.

हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात भेटतात. इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याच्याकडे ओथेरे नावाचा एक नॉर्वेजियन दर्यावर्दी आला होता. त्यानं सांगितलेली हकीकत त्या काळी लिहून ठेवली गेली. आपण उत्तरेकडे निघालो, तेव्हा तीन दिवस ओसाड जमीन स्टारबोर्डला होती आणि खुला समुद्र बॅकबोर्डला, असं त्यात आहे. अकराशे वर्षं उलटली, तरी नकाशा घेऊन बसलं की त्याची वाट आजही बोटानं काढता येते.

पुढे इंग्रजीत डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ म्हणू लागले. इथे घोटाळा झाला. वादळात ओरडून दिलेला हुकूम स्टारबोर्डचा की लारबोर्डचा, हे कळायचं कसं? चुकीच्या बाजूला सुकाणू वळलं तर जहाज खडकावर. शेवटी १८४४मध्ये ॲडमिरल्टीनं लारबोर्ड बंद करून ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला. अमेरिकी नौदलानं तेच १८४६मध्ये केलं.

पण जहाजाच्या बाजूला बोर्ड का म्हणायचं? जहाज फळ्यांचं असतं म्हणून, असं पटकन सुचतं. गोष्ट तेवढी सरळ नाही. जुन्या जर्मानिक भाषांत दोन शब्द होते, एक फळीसाठी, दुसरा कडेसाठी. उच्चार इतके जवळचे, की इंग्रजीत ते एकमेकांत मिसळून गेले. जर्मनमध्ये मात्र फरक अजून दिसतो. तिथे ‘बोर्ट’ नपुंसकलिंगी असेल तर भिंतीवरची फळी, पुल्लिंगी असेल तर जहाजाची कड. कडेचा हा शब्द फ्रेंचमध्येही गेला आणि तिथून ‘बॉर्डर’ होऊन इंग्रजीत परतला.

म्हणून ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजाच्या कडेच्या आत, आणि ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे कडेवरून पाण्यात. जहाजाचा शब्द आगगाडीनं घेतला, मग विमानानं. विमानतळावर हातात पडतो तो बोर्डिंग पास या कडेच्या घराण्यातला. बोर्डिंग स्कूल फळीच्या घराण्यातलं. शब्द तोच, उच्चार तोच, वाटा अगदी वेगळ्या.

(दृश्य: पाव कापायच्या लाकडी पाटावर ठोकलेले खिळे, तारा, रेडिओचे व्हॉल्व्ह.)

फळीच्या घराण्याचा विस्तार विसाव्या शतकातही चालू राहिला. घरच्या घरी रेडिओ जुळवणारे हौशी लोक स्वयंपाकघरातला पाव कापायचा पाट घेत, त्यावर खिळे आणि स्क्रू मारत आणि तारा जोडत. त्यावरून प्रयोगासाठी सर्किट, म्हणजे विजेचं मंडल, जुळवायच्या तक्त्याला ‘ब्रेडबोर्ड’ म्हणतात. आता तो भोकाभोकांचा, प्लास्टिकचा असतो. १९३६मध्ये पॉल आयस्लर या ऑस्ट्रियातून ब्रिटनमध्ये आलेल्या अभियंत्यानं छापील सर्किटचा रेडिओ बनवला. तारा एकेक जोडण्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून वाटा कोरायच्या, ही त्याची कल्पना. पुढे सर्किट बोर्ड घरोघरी पोचले ते याच मार्गानं. कॉम्प्युटरमधल्या मुख्य तक्त्याला मदरबोर्ड म्हणतात, आणि त्यात खोचल्या जाणाऱ्या लहान तक्त्यांना डॉटरबोर्ड.