घर संस्थेला द्या, पण राहायचा हक्क कागदावर ठेवा

नमस्कार मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या सगळ्यांना रामराम.

आज बोलायचंय घर दान देण्याबद्दल, आणि दिल्यावरही त्याच घरात शेवटपर्यंत राहण्याबद्दल. आपल्याकडे आता गल्लोगल्ली हेच दिसतं, पोरं पुण्याला, सुरतला नाहीतर परदेशात, इथे घरात आप्पा आणि मावशी दोघंच, पोरं परत यायची नाहीत आणि घर विकून दुसरीकडे जायला या दोघांचं मन होत नाही, मग वाटतं आपल्यामागे हे एखाद्या शाळेला, होस्टेलला, वाचनालयाला जाऊ दे. फार चांगला विचार आहे हा. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर 1916 साली प्रताप शेठजींच्याच देणगीतून उभं राहिलं, आपल्या मातीला देणं नवीन नाही.

पण तोंडी शब्दावर घर देऊ नका. संस्थेची माणसं कितीही भली असली तरी कमिटी बदलते, आणि नवीन कमिटीला तुमचं काय ठरलं होतं ते माहीतही नसतं.

कायद्यात याची सोय आहे. रजिस्टर्ड बक्षीसपत्र करायचं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, दोन साक्षीदार लागतात, आणि संस्थेने ते तुमच्या हयातीतच स्वीकारायला पाहिजे. त्यातच स्पष्ट लिहायचं की हयातभर या घरात राहायचा हक्क माझा. ताबा सोडला नाही तर दान कच्चं राहतं असं बरेच जण सांगतात, पण सुप्रीम कोर्टाने 2014 साली स्पष्ट केलंय की देणाऱ्याने हयातीपर्यंत ताबा आणि उपभोग स्वतःकडे ठेवला तरी बक्षीसपत्र पक्कंच असतं.

आता हे पण ऐका, बक्षीसपत्र एकदा झालं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. ज्यांचं मन अजून डळमळतंय त्यांनी मृत्युपत्रच करावं असं माझं स्पष्ट मत आहे, ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं, आणि घर शेवटपर्यंत तुमच्याच नावावर राहतं, उद्या दवाखान्याला पैसा लागला तर विकताही येतं.

घर वडिलोपार्जित असेल तर आधी वकिलाला कागद दाखवा, कारण त्यात पोरापोरींचाही हिस्सा असतो आणि दुसऱ्याचा हिस्सा आपल्याला दान देता येत नाही. घर स्वतः कमावलेलं असलं तरी पोरांना आधी सांगा, समोर बसवून सांगा, नाहीतर तुमच्यामागे संस्था आणि पोरं कोर्टात उभी राहतील आणि घराला कुलूप लागेल.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. राहतं घर पोराला किंवा नातवाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, संस्थेला देताना ती सवलत नाही, तेव्हा ते शुल्क कोण भरणार हे आधी ठरवा. आणि इन्कम टॅक्समध्ये 80जीची सूट मिळेल म्हणून कोणी भुलवत असेल तर ती सूट पैशाच्या देणगीला आहे, घराला नाही.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का तेही बघा. अशा संस्थेला घर पुढे विकायचं झालं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणजे तुमचं घर गुपचूप बिल्डरला जात नाही.

कागदात घरपट्टी कोण भरेल, पावसाळ्यात छत गळलं तर दुरुस्ती कोणाची, वरची खोली भाड्याने दिली तर भाडं कोणाचं, हे सगळं लिहून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, राहायच्या हक्कात नवराबायको दोघांची नावं टाका. घर आप्पांच्या नावावर असतं, हक्क फक्त आप्पांचा लिहिला जातो, आणि आप्पा गेल्यावर मावशीने घरात कोणत्या हक्काने राहायचं हा प्रश्न उभा राहतो, म्हणून "दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या हयातीपर्यंत" ही ओळ मसुद्यात आहे की नाही ते सही करायच्या आधी मावशीने स्वतः वाचून बघावं, वाचता येत नसेल तर नातीकडून मोठ्याने वाचून घ्यावं.