मैदानाच्या जागी ग्रंथालय

[पडद्यावर: टेबलावर कागदाची गुंडाळी हळूहळू उलगडते. कडांवर वजनं.]

सावकाश. इतकी वर्षं गुंडाळून राहिलेला कागद एकदम उघडला तर तडकतो. आधी दमट हवेत मऊ करायचा, मग वीत-वीत सोडायचा.

न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाचा हा लांबलचक फोटो. तारीख नाही. फोटोग्राफरचं नाव असलंच तर फाटक्या कडेबरोबर गेलंय.

असे फोटो काढायला त्या काळी अमेरिकेत सर्किट नावाचा कॅमेरा वापरत. चावी दिली की तो तिपाईवर गोल फिरायचा आणि आतली फिल्म एका अरुंद फटीमागून सरकत जायची. त्यामुळे फोटोचं डावं टोक आधीचं, उजवं टोक नंतरचं. शाळेच्या ग्रुप फोटोत एखादं वांड पोरगं मागून धावत जाऊन दोन्हीकडे हजर व्हायचं, ते या सवडीच्या जोरावर!

[कॅमेरा फोटोवरून डावीकडून उजवीकडे सरकतो.]

सरळ रेषा इथे सरळ राहत नाहीत. मधून जाणारा 116वा रस्ता झोळीसारखा खाली झुकलाय. प्रत्यक्षात तो फूटपट्टीनं आखल्यासारखा आहे, आणि आज तिथे फक्त पायी चालतात.

आता तारीख. ती इमारतींनाच विचारू. डावीकडे फर्नाल्ड वसतिगृह आणि पत्रकारितेची इमारत, दोन्ही 1913 च्या. म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. उजवीकडे, रस्त्यापलीकडे केंट हॉल आहे. पण डाव्या बाजूला त्याच्यासमोर जी जोडीची इमारत हवी, तिथे मोकळं आभाळ. ती 1924 ची. मधल्या दहा-अकरा वर्षांतला कुठला तरी उजेडाचा दिवस. पानं झडलेली, एवढं दिसतं.

आणि याच वर्षांत, जुलै 1913 मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर इथे आले.

[उजव्या टोकावर स्थिरावतो.]

ही दोन वसतिगृहं. आधीचं हार्टली, त्यापुढचं लिव्हिंग्स्टन. बाबासाहेब सुरुवातीला काही दिवस हार्टलीत राहिले, पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर लिव्हिंग्स्टनमध्ये. फोटोत त्या खिडक्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आहेत. भिंग लावून बघितल्या. अर्थात कुणी दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही बरी नव्हे.

महाराष्ट्रातून येणारी बरीच माणसं बटलर ग्रंथालयाच्या खांबांसमोर उभी राहून फोटो काढतात. मनात असतं, बाबासाहेब इथेच वाचत बसायचे. पण बटलर उघडलं 1934 मध्ये. बाबासाहेब 1916 च्या जूनमध्येच लंडनला निघाले होते. त्यांच्या वेळी ग्रंथालय होतं ते या फोटोच्या मधोमध: घुमटाचं 'लो' ग्रंथालय. 1897 चं, वास्तुकार चार्ल्स मॅकिम. घुमटाखाली अष्टकोनी वाचनालय. 1915 मध्ये एम.ए. झाली, 1916 च्या मे महिन्यात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. या सगळ्याची पुस्तकं त्या पायऱ्या चढून मिळायची. पायऱ्यांवरचा तो ठिपका म्हणजे 1903 चा 'अल्मा मेटर' पुतळा.

मग फोटोत बटलर कुठे?

[फोटोचा खालचा काठ. गवत, आखलेल्या रेषा.]

हे पुढचं मोकळं मैदान, साउथ फील्ड. पुढे बेसबॉलमध्ये गाजलेला लू गेरिग विद्यार्थी असताना इथेच खेळला. लो समोर, दोन्ही बाजूंना वसतिगृहं, असा देखावा पकडायचा तर तिपाई मैदानाच्या दक्षिण टोकाला रोवावी लागते. बटलर बांधलं ते त्याच टोकाला. आज कुणाला हाच फोटो पुन्हा काढायचा असेल, तर कॅमेरा घेऊन ग्रंथालयाच्या आत जाऊन खिडकीशी उभं राहावं लागेल.

लोमध्ये आता विद्यापीठाच्या अध्यक्षांची कचेरी आहे.

[गुंडाळी पुन्हा बंद होते. लिव्हिंग्स्टनचं टोक शेवटी आत जातं.]