रीझलिंग घेताय? आधी बाटली फिरवा, टक्का बघा

नमस्कार मंडळी! रीझलिंगवर इतके प्रश्न आलेत की आज दुसरं काही नाहीच. बेसिक पटकन उरकतो: पांढरी द्राक्षं, जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचे उभे चढ, पायाखाली स्लेटचा दगड, वाइन हलकी आणि छान आंबटसर, 8-10 डिग्रीला गार करून प्यायची. झालं.

आता ज्याच्यावर माझं डोकं फिरतं ते. "दादा, जर्मन वाइन गोडच असते ना?" नाही हो! "मग काबिनेट लिहिलंय म्हणजे गोड ना?" तेही नाही! काबिनेट ही जर्मन वाइनच्या दर्जाची एक पायरी, ती ठरते द्राक्षं तोडताना रसात साखर किती होती त्यावरून. बाटलीत शेवटी किती उरली ते त्यावरून कळतच नाही. ते कळतं अल्कोहोलच्या टक्क्यावरून, जो लेबलवर कुठेतरी कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं, ते मध्येच थांबवलं की साखर उरते आणि अल्कोहोल कमी. म्हणून रीझलिंगवर 8-9 टक्के दिसले की गोडसर, 12 च्या आसपास दिसले की बहुतेक कोरडी, म्हणजे गोड नसलेली.

आमच्याकडे पुण्याहून मित्र आलेला, इथल्या दुकानात बराच वेळ लेबलवरचा किल्लाच बघत उभा. शेजारीशेजारी दोन बाटल्या, वाइन बनवणारा तोच, वर्ष तेच, टेकडी पण तीच. म्हटलं अरे फिरव की. एकीवर साडेआठ, दुसरीवर बारा. घरी ट्राउट मासा होता, बटर-बदाम घालून तळायचा, म्हणून बारावाली घेतली, किल्ला गेला उडत.

एकाने लिहिलंय, "ट्रोकन शब्द बघायचा, एवढं काय त्यात." बरोबर आहे, ट्रोकन असेल तर कोरडीच, लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, तीसुद्धा आंबटपणा पुरेसा असेल तरच. पण फाइनहेर्ब, म्हणजे साधारण अर्धवट कोरडी, असं लिहिलेलं असेल तर? त्याला कायद्यात आकडाच नाही. आणि काही बाटल्यांवर दोन्हीतलं काहीच नसतं. मग परत कुठे बघायचं? टक्का!

खाण्याचं म्हणाल तर 8-9 वाली तिखटासोबत. अल्कोहोल जास्त असलं की मिरची आणखी झोंबते, इथे ते कमी, वर थोडी साखर आणि लिंबू सरबतासारखा आंबटपणा. थाई करी, कोळंबी कोळीवाडा, सुरमई फ्राय, बिनधास्त. कोरडीसोबत ट्राउट किंवा फ्लामकूखन, म्हणजे पातळ पोळीवर आंबट क्रीम, कांदा आणि बेकन. मटणाच्या काळ्या रश्श्यासोबत विचारणाऱ्यांनो, नको, वाटणापुढे ही बिचारी दिसणारच नाही, त्याला बिअर घ्या.

आणि वसंतातला पांढरा अ‍ॅस्परॅगस, जो इथे 24 जूनपर्यंतच तोडतात, उकडलेले बटाटे, हॅम आणि हॉलंडेज सॉससोबत? तिथे मी रीझलिंग सोडून जर्मनीतल्याच फ्रांकन भागाची सिल्व्हानर ही दुसरी पांढरी वाइन घेतो, ती चपट्या गोल बाटलीतली. आंबटपणा मवाळ असतो, अ‍ॅस्परॅगसच्या किंचित कडवटपणाशी भांडत नाही. रीझलिंगवाले चिडतील, चिडू देत.

उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस आरामात टिकते. आणि प्लीज, ग्लासात बर्फ टाकून फोटो पाठवू नका मला.