रॉबिनची गादी

(पडद्यावर: दोन मुखपृष्ठं शेजारी शेजारी. दोन्हींवर महिना एकच, फेब्रुवारी १९८४.)

अमेरिकी प्रकाशक डीसी कॉमिक्सचे हे दोन अंक. डावीकडचा 'द न्यू टीन टायटन्स', अंक ३९. यात डिक ग्रेसन रॉबिनपण, म्हणजे बॅटमॅनच्या पोरसवदा साथीदाराचं पद, सोडतो. उजवीकडचा 'बॅटमॅन', अंक ३६८. यात जेसन टॉड नावाचा दुसरा मुलगा रॉबिन होतो. ४४ वर्षं एकाच मुलाकडे असलेलं नाव दुसऱ्याकडे गेलं, आणि मध्ये एक महिनाही ते रिकामं राहिलं नाही.

गोष्टीत याची कारणं भावनिक आहेत. कचेरीतलं कारण साधं होतं. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांचं 'टायटन्स' १९८० पासून जोरात खपत होतं आणि डिक तरुण नायकांच्या त्या टोळीचा म्होरक्या होता. तिथे त्याला मोठं होऊ द्यायचं होतं. 'बॅटमॅन'च्या संपादकांना मात्र बॅटमॅनच्या शेजारी एक पोरच हवा होता. मग वाटणी झाली: माणूस टायटन्सकडे, नाव बॅटमॅनकडे. पुढे त्याच वर्षी जुलैच्या अंकात डिकला 'नाइटविंग' हे नवं नाव मिळालं.

रॉबिनचा जन्म एप्रिल १९४० चा, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३८ व्या अंकातला. बॅटमॅन तेव्हा जेमतेम वर्षाचा होता आणि त्याची मोठी अडचण म्हणजे त्याला बोलायला कुणी नव्हतं. एकटा गुप्तहेर डोक्यात काय चाललंय ते कुणाला सांगणार? शेजारी मुलगा आला आणि संवाद सुरू झाले. म्हणजे रॉबिन ही पहिल्यापासून लेखकाची गरज होती, एक पद होतं. पद म्हटलं की माणूस बदलता येतो.

आणि पद रिकामं ठेवणं प्रकाशकाला परवडत नाही. अमेरिकी कायद्यात ट्रेडमार्क सलग ३ वर्षं वापरला नाही, तर मालकाने तो सोडून दिला असं प्रथमदर्शनी धरलं जातं. 'कॅप्टन मार्व्हल' हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. फॉसेट कंपनीने १९५३ मध्ये या नावाचा नायक छापणं थांबवलं. १९६७ मध्ये डीसीच्या प्रतिस्पर्धी मार्व्हल कंपनीने तेच नाव आपल्या वेगळ्या नायकाला दिलं. डीसीने १९७३ मध्ये जुना नायक पुन्हा आणला, तेव्हा अंकाचं नाव 'शझॅम!' ठेवावं लागलं. मार्व्हलचा तो नायक, मार-व्हेल, १९८२ मध्ये कॅन्सरने मेला, तर त्याच वर्षी मोनिका रॅम्बो ही नवी नायिका कॅप्टन मार्व्हल म्हणून हजर. दुखवट्याचे दिवससुद्धा पाळले नाहीत म्हणा ना.

(पडद्यावर: जेसन टॉड, १९८३ आणि १९८७ ची चित्रं.)

आता जेसन. १९८३ मध्ये त्याला आणलं तेव्हा त्याचे आईवडील सर्कशीतले कसरतपटू, गुन्हेगाराकडून मारले गेलेले. डिकचीच गोष्ट, पुन्हा. त्याचे केस लालसर सोनेरी होते, तेही रॉबिन होताना काळे रंगवले. मग लोकांनी या मुलाला वेगळं म्हणून ओळखावं तरी कशावरून?

१९८५-८६ मध्ये डीसीने आपल्या कथांचा सगळा इतिहास नव्याने मांडला. १९८७ मध्ये 'बॅटमॅन'च्या ४०८ व्या अंकात जेसन झाला रस्त्यावरचा पोर, जो थेट बॅटमोबीलची, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीची, चाकं चोरतो. हा प्रसंग झकासच आहे. पण याच अंकात डिकच्या जाण्याचं कारणही बदललं. डिकला खलनायक जोकरची गोळी लागते आणि बॅटमॅन त्याला रॉबिनपणावरून काढून टाकतो. 'टायटन्स'मध्ये तर तो स्वतःहून बाहेर पडला होता! एका घटनेचे दोन इतिहास, आणि नवा रॉबिन वाचकाच्या मनात आधीपासूनच दुसऱ्याची जागा बळकावणारा ठरला.

१९८८ मध्ये संपादक डेनी ओ'नील यांनी निकाल वाचकांवर सोपवला. ४२७ व्या अंकात जेसन स्फोटात सापडतो आणि दोन फोन नंबर छापले जातात. एक जगवायला, एक मारायला. प्रत्येक कॉलला ५० सेंट. चित्रं दोन्ही निकालांसाठी तयार ठेवली होती. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. फरक ७२ मतांचा. एकाने हवे तितके फोन करावेत अशी मोकळीक होती, त्यामुळे याला मतदान म्हणणं धाडसाचंच. त्यात कॉमिक्स न वाचणाऱ्यांसाठी रॉबिन म्हणजे १९६६ च्या टीव्ही मालिकेतला डिक ग्रेसन. 'रॉबिन मेला' हे ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल ते सांगायला नको.

(पडद्यावर: टिम ड्रेक. नवा पोशाख, काळा केप, हातात काठी.)

तिसऱ्या वेळी मात्र काम नीट केलं, आणि वारस कसा बसवावा हे शिकायचं तर टिम ड्रेककडेच बघावं. तो १९८९ मध्ये ४३६ व्या अंकात दिसतो, पण अधिकृत रॉबिन होतो डिसेंबर १९९० च्या ४५७ व्या अंकात. मधल्या वर्षभरात काय होतं? हा मुलगा रॉबिनची चौपट कोलांटी बघून डिकला ओळखतो आणि तर्काने बॅटमॅनही शोधून काढतो. तो रॉबिन व्हायला येतच नाही. आधी डिककडे जातो आणि म्हणतो, तूच परत ये. डिक नकार देतो, मगच हा पुढे होतो. थोरल्याची संमती कथेतच मिळाली, त्यामुळे वाचकाची कुरकुर राहिली नाही. वर नील ॲडम्स यांनी आखलेला नवा पोशाख: उघडे पाय गेले, केप बाहेरून काळा झाला. १९९३ ते २००९, टिमच्या 'रॉबिन' मालिकेचे १८३ अंक निघाले. डिकलाही १९९६ मध्ये नाइटविंगची स्वतंत्र मालिका आणि ब्लडहेवन हे स्वतःचं शहर मिळालं. दोघांना दोन पत्ते होते, म्हणून दोघे टिकले.

स्टेफनी ब्राउन या पुढच्या रॉबिनच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. २००४ मध्ये टिमच्या मालिकेच्या १२६ व्या अंकात ती रॉबिन झाली, १२८ व्या अंकात तिला काढलं आणि त्याच वर्षी मारलं. जेसनचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या कपाटात जपलेला आहे. स्टेफनीसाठी कपाट आलं नाही, आणि वाचकांनी त्यावरून प्रकाशकाला बरीच वर्षं धारेवर धरलं. २००८ मध्ये ती मेलीच नव्हती असं दाखवलं गेलं. तिला रॉबिन करायचं ठरलं तेव्हाच काढायचंही ठरलं असावं, असं ते अंक सलग वाचताना वाटत राहतं.

इथे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो. १९३६ मध्ये ली फॉक यांनी आणलेला हा नायक २१ वा वेताळ आहे. बाप गेल्यावर मुलगा मुखवटा चढवतो, एका वेळी एकच. तिथे काळ पुढे सरकतो. डीसीत मुलं वाढतात, बॅटमॅन मात्र म्हातारा होत नाही, आणि मेलेलेही परततात. जेसन २००५ मध्ये 'रेड हूड' होऊन परतला. त्यामुळे गादीवरून उतरलेल्यांची रांग फक्त लांबत जाते.

सप्टेंबर २०११ मध्ये डीसीने ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि बॅटमॅनची कारकीर्द सुमारे ५ वर्षांत कोंबली. त्यात डिक, जेसन, टिम आणि बॅटमॅनचा १० वर्षांचा मुलगा डेमियन, असे चार साथीदार बसवायचे होते. गणित जुळेना. मग टिम कधी रॉबिन नव्हताच, पहिल्यापासून 'रेड रॉबिन' होता, असं ठरलं. स्टेफनी तर २०१४ पर्यंत गायबच.

डीसीच्याच फ्लॅश या वेगवान नायकाच्या घरात याहून विचित्र घडलं. फ्लॅशचा वारस असलेला जुना वॉली वेस्ट वगळून २०१४ मध्ये त्याच नावाचा नवा मुलगा आणला, आणि २०१६ मध्ये जुनाही परत आला. आता टोपणनावच काय, खरं नावही दोघांचं एकच. दोघांचं नाव एकाच पणजोबावरून ठेवलंय, असा खुलासा करावा लागला.

(पडद्यावर: टिम, तपकिरी पोशाखात.)

सगळ्यात जास्त फरफट टिमची झाली. डेमियन २००९ मध्ये रॉबिन झाला तेव्हा टिमला 'रेड रॉबिन' हे नाव मिळालं. अमेरिकेत या नावाची बर्गरच्या हॉटेलांची साखळी आहे, त्यावरून विनोद व्हायचे ते झाले. २०१९ च्या 'यंग जस्टिस'मध्ये त्याचं नवं नाव ठेवलं 'ड्रेक'. तोंडावर मुखवटा आणि टोपणनाव म्हणून स्वतःचं आडनाव! ते फार टिकलं नाही. पुढे डेमियन रॉबिन असतानाच टिमही पुन्हा रॉबिन झाला, आणि २०२२ मध्ये 'टिम ड्रेक: रॉबिन' ही मालिका निघाली. ती १० अंकांत संपली. मार्व्हलमध्ये क्लिंट बार्टन आणि केट बिशप दोघंही 'हॉकआय' हे एकच टोपणनाव वापरतात आणि २०१२ च्या मालिकेत ते छान चाललं, कारण नावाचा घोळ हाच त्या दोघांमधल्या थट्टेचा विषय होता. टिमकडे तशी थट्टा नाही आणि ब्लडहेवनसारखं शहरही नाही. डिकला १९८४ मध्ये जे नवं नाव मिळालं, त्या तोडीचं नाव डीसीला टिमसाठी अजून सुचलेलं नाही.