पोळ्यातलं पाप-पुण्य

[दृश्य: मधमाश्यांच्या पेटीचं दार, अगदी जवळून]

इंग्लंडमधला उन्हाळा सरतो, फुलोरा आटतो, आणि पोळ्यातल्या नरांचे दिवस भरतात. अंगानं जाड, टपोऱ्या डोळ्यांचे हे नर. यांना नांगी नसते. कामकरी माश्या म्हणजे त्यांच्याच बहिणी. त्या आधी नरांचं खाणं तोडतात, मग पाय आणि पंख धरून त्यांना दाराबाहेर ओढतात. आत परतू पाहणाऱ्याला पुन्हा हुसकलं जातं. उपासानं आणि गारठ्यानं ते मरून जातात. नवी राणीमाशी तर कोशातून बाहेर पडताच, जन्मायच्या आत बाकीच्या राण्यांना नांगी मारून संपवते.

1871 साली मानवाच्या उत्पत्तीवरच्या आपल्या ग्रंथात चार्ल्स डार्विननं याच पोळ्याचं उदाहरण घेतलं. माणसं हुबेहूब मधमाश्यांसारख्या परिस्थितीत वाढली असती तर? डार्विन म्हणतो, अविवाहित बायकांना आपल्या भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं, आयांनी आपल्या पोटच्या प्रजननक्षम मुलींचा जीव घ्यायचा प्रयत्न केला असता, आणि कुणीही मधे पडलं नसतं.

[दृश्य: फ्रान्सिस पॉवर कॉब यांचं छायाचित्र]

हे वाचून आयरिश लेखिका फ्रान्सिस पॉवर कॉब हादरल्या. त्या डार्विनना ओळखत होत्या, त्यांना मानतही होत्या. पण नीती-अनीती परिस्थितीतून घडते हा विचार जिंकला तर माणसाच्या सद्गुणांची मृत्युघंटा वाजेल, असं त्यांनी लिहिलं. त्यांची भीती उगाच नव्हती. आपली सदसद्विवेकबुद्धी जगण्याच्या गरजेतून घडली असेल, तर ती खरं सांगते कशावरून?

2006 साली अमेरिकी तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीट यांनी हाच प्रश्न फार धारदार केला. समजा, आपल्या मानण्या-न मानण्यापलीकडे नैतिक सत्यं आहेत. मग नैसर्गिक निवडीचा, म्हणजे जगायला उपयोगी गुण पिढ्यानपिढ्या टिकत जाण्याचा, त्यांच्याशी संबंध काय? काहीच नसेल, तर आपल्या भावना त्या सत्यांशी जुळल्या हा निव्वळ योगायोग. संबंध असेल, तर सत्य ओळखणारे तगले असं दाखवावं लागेल. पण पोरांना जपणाऱ्यांची पोरं जगली, एवढं सांगितलं तरी पुरतं. त्या स्पष्टीकरणात सत्याला कामच उरत नाही.

या युक्तिवादापुढे बरंच काही कोसळतं, आणि ते कोसळलेलंच बरं. आपल्या रक्ताचा तो आपला, परका तो कमी मोलाचा. आपल्या टोळीचा सूड न्याय्य, त्यांचा मात्र क्रूरपणा. या गोष्टी मनाला कितीही पटल्या तरी ते पटणं कुठून आलं हे आता ठाऊक आहे. त्यावर विसंबता येणार नाही.

पण वेदनेचं काय? वेदना का होते, हे उत्क्रांती सांगते: शरीर वाचावं म्हणून. एवढं कळल्यानं भाजलेल्या हाताची आग कमी होत नाही. ती वाईट आहे हे सोसणाऱ्याला थेट कळतं, कुणाच्या शिफारशीची त्याला गरज नसते. आणि माझी वेदना वाईट असेल, तर ती निव्वळ माझी म्हणून नव्हे. दुसऱ्याचीही तितकीच वाईट, मग तो माझ्या रक्ताचा नसो, माझ्या जातीचा प्राणीही नसो. इथवर आपल्याला भावनेनं आणलेलं नाही, बुद्धीनं आणलंय. स्ट्रीट म्हणतील, ही बुद्धीही घडते त्याच मातीतून. खरंय. पण मग हा आक्षेप उत्क्रांतीच्या सिद्धांतावरही येतो. तोही त्याच बुद्धीनं शोधलाय.

खुद्द डार्विनच्या मते प्राण्यांविषयीची करुणा ही माणसानं अगदी अलीकडे कमावलेली गोष्ट. त्याच ग्रंथात त्यानं एका कुत्र्याविषयी लिहिलं. जिवंतपणी चिरफाड चाललेली असताना तो चिरणाऱ्याचाच हात चाटत होता. त्या हाताला तगण्यासाठी कुत्र्याविषयीच्या कळवळ्याची काय गरज होती?

[दृश्य: लंडन, 1875]

जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांची चौकशी करायला शाही आयोग बसला. कॉब अशा प्रयोगांविरुद्धच्या मोहिमेत आघाडीवर होत्या. डार्विन साक्षीला आला तो दुसऱ्या बाजूनं: प्रयोगांशिवाय शरीरविज्ञान पुढं जाणार नाही, असं त्यानं ठामपणे सांगितलं. मग त्याला विचारलं गेलं, भूल देऊन करता येण्यासारखा वेदनादायक प्रयोग कुणी भूल न देताच केला तर?

पोळ्यातल्या कर्तव्याचं उदाहरण देणाऱ्या डार्विननं इथे कुठलीही अट घातली नाही. असं कृत्य तिटकारा आणि घृणेच्याच लायकीचं आहे, असं उत्तर त्यानं दिलं.