अण्णांची सही

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी नळाशेजारच्या खिळ्याला एक वही टांगलेली असते. शंभर पानी, पुठ्ठा भिजून आणि वाळून कडक झालेला. आत तारीख, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, किती घागरी भरल्या, टाकी किती वीत चढली, एवढंच लिहिलेलं असतं. ओळ संपली की सही. आपल्या सोलापुरात नळाचं पाणी रोज कुठे येतं? चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे एक वही बरीच वर्षं पुरते. पहिली भरली, दुसरी चालू आहे.

ती सही माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. १५ वर्षं नौदलात आणि २७ वर्षं विमानांच्या कारखान्यात काढलेल्या या माणसाबद्दल मी आज बोलणार आहे. त्यांना पदक मिळालं नव्हतं, त्यांचं नाव कधी पेपरात आलं नाही. पण त्यांच्या एका सहीवर माणसं आकाशात जायची आणि परत यायची. हे मला फार उशिरा कळलं.

अण्णांचा जन्म १९४६चा, गिरणी कामगाराच्या घरातला. आजोबा जुन्या गिरणीत साच्यांवर होते. १८७७ साली सुरू झालेली ही आपल्या गावची पहिली कापड गिरणी. आजी घरी विड्या वळायची. हजार विड्या मोजून द्यायच्या, तेव्हा पैसे. मोजायला अण्णा शाळेत शिकले नाहीत, आजीच्या सुपाशेजारी बसून शिकले. पोहायला शिकले ते शिवारातल्या विहिरीत. समुद्र त्यांनी पाहिला तो भरती झाल्यावरच.

भरती झाले १९६३ साली. चीनचं युद्ध होऊन वर्षही झालं नव्हतं. १७ वर्षांचा पोरगा पत्र्याची ट्रंक घेऊन विशाखापट्टणमला निघाला. आजीने ट्रंकेत कपड्यांच्या खाली कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा ठेवला. कडक भाकरी महिना-महिना टिकते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. अण्णा म्हणायचे, त्या भाकरीने मला पहिले पंधरा दिवस रडू दिलं नाही. दुसरी सोबत होती तेलुगूची. पूर्व भागातल्या पद्मशाली पोरांबरोबर गोट्या खेळून खेळून त्यांना तेलुगू येत होतं. त्या मोठ्या परक्या बंदरात चहावाल्याशी, न्हाव्याशी हा सोलापूरचा पोरगा गावातल्यासारखा बोलायचा. त्याच्या तुकडीतली उत्तरेकडची पोरं बघत राहायची.

मग कोचीला विमानांच्या देखभालीचं शिक्षण झालं, आणि तिथून विक्रांत.

विक्रांत म्हणजे आपली पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ला बेलफास्टमध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली. तिच्यावर सी हॉक नावाची लढाऊ विमानं होती. पंख वर दुमडायचे, मग लिफ्टने विमान खाली हँगरमध्ये उतरवायचं. अण्णा त्या हँगरमधले. इंजिन तपासायचं, इंधनाच्या नळ्या बघायच्या, प्रत्येक बोल्टला बारीक तार पिळून बसवायची, म्हणजे हादऱ्यांनी तो सैल होणार नाही. काम झालं की विमानाच्या नोंदवहीत सही. फॉर्म ७०० म्हणतात तिला. ज्याने जे काम केलं त्याने त्या कामापुढे सही करायची. सगळ्यांच्या सह्या झाल्या की शेवटची सही वैमानिकाची. मी विमान ताब्यात घेतलं, असा तिचा अर्थ.

अण्णा एकदा मला म्हणाले होते, "बाळ, तो पोरगा माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठा असायचा. तो बोल्ट उघडून बघत नाही. बघायला वेळच नसतो. तो माझी सही बघतो आणि शिडी चढतो."

उड्डाणांआधी आणखी एक काम असायचं. सगळ्यांनी डेकच्या एका टोकाला ओळीत उभं राहायचं, खांद्याला खांदा, आणि मान खाली घालून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जायचं. एखादा खडा, तारेचा तुकडा, पडलेला स्क्रू दिसला की उचलायचा. जेट इंजिन हवेबरोबर काहीही आत ओढतं, आणि सुपारीएवढा खडासुद्धा आतली पाती फोडू शकतो. अण्णांची चाल शेवटपर्यंत तशीच राहिली, मान खाली. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने फिरायला गेले तरी खिळे, काचा वेचून खिशात घालून आणायचे. आईला ते कधी आवडलं नाही, खिसे फाटायचे.

१९७१चं युद्ध आलं तेव्हा विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते, तो वापरता येत नव्हता. विमानं उडवायला जहाजाला वेग लागतो, समोरून वारा लागतो आणि विमान पुढे फेकणाऱ्या कॅटापुल्टला वाफ लागते. तीन बॉयलरवर हे जमेल का, अशी शंका होती. तरी ती बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरला तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. अण्णांनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. ते खाली हँगरमध्ये, तेलाच्या वासात आणि उकाड्यात. विमान वर जायचं, परत यायचं, पुन्हा खाली. दारूगोळा भर, इंधन भर, तपास, सही. "लोक विचारतात युद्ध कसं होतं. मला काय माहीत? मला फक्त परत आलेली विमानं मोजायची माहिती," असं ते म्हणायचे. हे ते हसत सांगत नसत. मोजून होईपर्यंत घशाखाली पाणी उतरायचं नाही, असंही एकदा बोलून गेले.

त्याच युद्धात ९ डिसेंबरला अरबी समुद्रात आपल्या नौदलाची खुकरी ही युद्धनौका बुडाली. अण्णांच्या भरतीच्या तुकडीतला एकजण तिच्यावर होता. पुढे कधी गप्पांत कुणी म्हणालं की जवळपास दोनशे माणसं गेली, तर अण्णा मध्येच थांबवायचे. "जवळपास नाही. १८ अधिकारी, १७६ नाविक. १९४." पाहुण्यांसमोर असं टोकणं मला लहानपणी फार उद्धट वाटायचं. आज मी स्वतः तसंच टोकते.

माझा जन्म त्या युद्धाच्या दीड-दोन महिने आधीचा. फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर आजोबांनी पाठवलेलं पत्र अण्णांना युद्ध संपल्यावर मिळालं. मला त्यांनी पाहिलं तेव्हा मी सहा महिन्यांची होते आणि त्यांना बघून भोकाड पसरलं, असं आई सांगते.

आणि त्यापाठोपाठ आला बहात्तरचा दुष्काळ. आपल्या जिल्ह्याने काय सोसलं ते आज ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी स्वतः पाहिलंय. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली माणसं, तिथे मिळणारी सुकडी, बाहेरून आलेली ती लाल ज्वारी, मिलो. अण्णा रजेवर आले तेव्हा घरात सात माणसांना दोन घागरी पाणी होतं. समुद्रावरून आलेला माणूस, तो पाण्याचं काय जाणणार, असं शेजाऱ्यांना वाटलं असेल. पण वाफेवर चालणाऱ्या जहाजावर गोडं पाणी समुद्राचं पाणी उकळून, थेंब थेंब गोळा करूनच मिळतं, आणि त्यातही आधी बॉयलरला द्यावं लागतं. बॉयलरला खारं पाणी चालत नाही. माणसांच्या आंघोळीचा नंबर शेवटी. चहूकडे पाणी आणि तांब्या-तांब्याचा हिशेब, हे अण्णांना सवयीचं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी कोळशाने भिंतीवर सात नावं लिहिली आणि रोज कुणाला किती तांबे ते ठरवून दिलं. स्वतःचं नाव शेवटी. आजी म्हणाली, "लेका, आईला बी मोजून पाणी देतोस व्हय?" पण तिनेच नंतर सगळ्या चाळीला तसं करायला लावलं.

१९७८ साली ते नौदलातून सुटले आणि पुढच्या वर्षी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये लागले. तिथे मिग २१ या लढाऊ विमानाचा सांगाडा बनायचा. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, आणि सगळं एकत्र येऊन विमान ओझरला उभं राहायचं. आम्ही वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. इतकी वर्षं पत्रावर चाललेला बाप आता रोज संध्याकाळी सायकलवरून घरी येऊ लागला. आम्हा भावंडांना त्याची सवय व्हायला वेळ लागला, हे कबूल करते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अण्णा ती प्रत्येकाला सांगायचे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा देशातला पहिला विमान कारखाना १९४० साली बंगळूरला उभा केला तो वालचंद हिराचंद यांनी. त्याचीच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. वालचंदशेठ जन्माने सोलापूरचे. १९१९ साली इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला मुंबईहून लंडनला लॉयल्टी जहाज पाठवणारेही तेच, आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढणारेही तेच. अण्णा म्हणायचे, "मी दोन नोकऱ्या केल्या, समुद्राची आणि आकाशाची. दोन्ही वाटा आपल्या गावच्या माणसाने आधी पाडून ठेवल्या होत्या." गिरणीतल्या साचेवाल्याचा मुलगा हे बोलायचा तेव्हा त्याची मान ताठ झालेली मी पाहिली आहे.

विमानाच्या पोटात शिरून काम करणं सोपं नसतं. रिव्हेट मारताना एकजण बाहेरून गन चालवतो आणि दुसरा आत आडवा पडून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, हाताला लागलेल्या धक्क्यावरून कळतं की रिव्हेट नीट बसली की तिरकी गेली. एका विमानात अशा हजारो. अण्णा उजव्या हाताने जेवायचे तेव्हा घास तोंडापाशी जाईपर्यंत बोटं किंचित थरथरायची. आम्हाला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांची थरथरतात.

घरातल्या हत्यारांसाठी त्यांनी फळी केली होती. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. हत्यार जागेवर नसेल तर रिकामी सावली लांबून दिसते. विमानाच्या कामावरही अशीच पद्धत असते, पाळी संपताना एक जरी पाना कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. माझ्या भावाने एकदा सायकलची चेन बसवायला दहा नंबरचा पाना नेला आणि मैदानात विसरला. रात्री नऊ वाजता अण्णांनी रिकामी सावली पाहिली. रागावले नाहीत. बॅटरी घेतली, आम्हा दोघांना उठवलं, आणि मैदानाच्या एका टोकाला तिघं ओळीत उभे राहिलो. मान खाली. तासाभराने पाना सापडला. भाऊ तेव्हा रडला होता, पण आज तो स्वतःच्या वर्कशॉपमध्ये सावल्यांची फळी लावतो.

आणि प्रगतिपुस्तक. दुसऱ्यांचे वडील स्कूटरवर बसल्या बसल्या सही करायचे. अण्णा हात धुऊन यायचे, चष्मा लावायचे, एकेक विषय, एकेक गुण, वर्गशिक्षकांचा शेरा, हजेरीचे दिवस वाचायचे. हजेरीची बेरीज करून बघायचे. अर्धा तास. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी चिडून म्हणाले, "नुसती सही तर करायचीय." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "नुसती सही असं काही नसतं, बाळ."

तेव्हा मला फॉर्म ७०० माहीत नव्हता. शिडी चढणारा तो पोरगा माहीत नव्हता.

२००६ला ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात आईला घेऊन सोलापूरला परतले. नाशिकची हवा सोडून इथल्या उन्हात कशाला, असं आम्ही पोरांनी फार सांगितलं. त्यांना सिद्धेश्वराची गड्डा यात्रा हवी होती, तिच्यातले नंदीध्वज हवे होते, हुरडा हवा होता. आल्यावर पहिल्याच आठवड्यात नळाशेजारी खिळा ठोकला.

गेल्या वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग २१ला निरोप दिला गेला. १९६३ला हवाई दलात आलेलं विमान, म्हणजे अण्णा भरती झाले त्याच वर्षी. टीव्हीसमोर ते पलंगावर उशांना टेकून बसले होते. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून मी उजवीकडे बसले होते. पडद्यावर विमानं आकाशात गेली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. ते मोजत होते. सगळी उतरेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही.

त्यानंतर दीड महिन्याने ते गेले. तेराव्याची गडबड संपली, पाहुणे गेले, आणि मी पाण्याची वही खिळ्यावरून काढली. शेवटच्या महिन्यातली अक्षरं वाकडी होती, पण घागरींचा आकडा आणि सही होती. ते दवाखान्यात होते त्या दिवसांच्या ओळी कोऱ्या असतील असं मला वाटलं होतं. त्या कोऱ्या नव्हत्या. आई चौथी शिकलेली, बँकेच्या कागदांवर सही करायची वेळ आली की ती अजून अण्णांकडे बघायची. पण वहीत मोठ्या, सुट्या अक्षरांत तारीख होती. पाणी आलं पहाटे साडेचारला. गेलं सव्वापाचला. घागरी सहा, टाकी दोन वीत. आणि ओळीच्या शेवटी तिचं पूर्ण नाव.

नमस्कार.