गादी सरकत नाही

(दृश्य: सकाळ. जमिनीवर पडलेला रुमाल. उचलायला एक हात खाली येतो आणि मध्येच थबकतो.)

रुमालाला वजन ते किती! पण माणूस वाकला आणि कंबरेत अशी चमक निघाली की वर येता येईना. एक हात भिंतीला, एक हात कंबरेवर, श्वास अर्धवट. घरातलं कुणीतरी धावत येतं आणि पाच मिनिटांत निदानही होऊन जातं. "उसण भरली." "नस दबली असणार." आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं, "गादी सरकली."

या तिसऱ्या वाक्यापासूनच सुरुवात करू. कारण दुखण्याने माणूस चार दिवस आडवा होतो, या वाक्याने कधीकधी चार वर्षं.

(दृश्य: कंबरेच्या मणक्यांची हलती आकृती.)

कंबरेचे मणके पाच. धड, हात, डोकं आणि आपण उचलू ते ओझं, सगळ्याचा भार त्यांच्यावर येतो. दर दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तीच आपली गादी. बाहेरून चिवट तंतूंचे थर, तिरप्या विणीचे. आत मऊ, पाणीदार गर. ही चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. सोफ्यावरची गादी सरकते तशी ती सरकूच शकत नाही.

मग होतं काय? कधी तिची कड फुगते. कधी बाहेरच्या थराला चीर पडते आणि आतला गर बाहेर डोकावतो. शेजारूनच पायाकडे जाणाऱ्या नसेचं मूळ निघतं. गर त्याला लागला, तिथे सूज आली, की नितंबापासून पोटरीपर्यंत, पार पावलापर्यंत विजेसारखी कळ जाते. ही सायटिका. १९३४ मध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या अमेरिकी शल्यविशारदांनी चकती आणि सायटिकाचं हे नातं शोधनिबंधात मांडलं. शोध मोलाचा होता. पण पुढे बराच काळ साध्या कंबरदुखीचा आळही चकतीवरच येत राहिला.

आणि एक गोष्ट रुग्णाला फार क्वचित सांगितली जाते. बाहेर आलेला हा गर बऱ्याच जणांत आपोआप आक्रसतो. शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परका समजून हळूहळू फस्त करतात. मोठा, पूर्ण बाहेर पडलेला तुकडा तर छोट्या फुगवट्यापेक्षा जिरण्याची शक्यता जास्त. याला काही आठवडे लागतात, काही महिने लागतात, पण ते घडतं.

(दृश्य: एमआरआय यंत्राचा खडखडाट. मग हातात रिपोर्टचा कागद.)

"एल फोर, एल फाइव्ह. डिस्क बल्ज. डिजनरेटिव्ह चेंजेस." म्हणजे कंबरेचा चौथा-पाचवा मणका, चकतीचा फुगवटा, झिजेच्या खुणा. हे शब्द वाचून माणसाचा चेहरा उतरतो.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ९८ जणांचे एमआरआय तपासले. यांपैकी कुणाचीच कंबर दुखत नव्हती. तरी निम्म्याहून जास्त जणांच्या एखाद्या तरी चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले निघाले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची मोट बांधली गेली, तेव्हा दिसलं की काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज आहे, आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. पिकलेल्या केसांचा आपण रिपोर्ट काढत नाही.

"तुमची कंबर म्हाताऱ्या माणसासारखी झालीय," असं पस्तिशीतल्या माणसाला सहज बोललं जातं, त्याचा मला राग येतो. तो माणूस त्या दिवसापासून वाकणं सोडतो. मुलाला उचलणं सोडतो.

(दृश्य: खुर्चीतून जपून, ताठ उठणारी एक बाई.)

दुखतं मग नेमकं काय? स्नायू, अस्थिबंध, मणक्यांमागचे छोटे सांधे, चकती, यांपैकी काहीही. पण कंबरदुखीच्या दहांतल्या साधारण नऊ रुग्णांत कुठल्याही तपासणीला त्यातल्या एकावर बोट ठेवता येत नाही. काही सापडलं नाही म्हणजे दुखणं मनाचं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. दुखणं शंभर टक्के खरं असतं.

त्याला निमित्तं अनेक. सवय नसताना उचललेलं ओझं. तासन्‌तास एकाच जागी बसणं. वाढलेलं वजन, धूम्रपान. आणि जी आपण धरतच नाही ती: अपुरी झोप, सततचा ताण, खचलेलं मन. आनुवंशिकताही आहे. फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांच्या अभ्यासात एकाचं काम अंगमेहनतीचं आणि दुसऱ्याचं बैठं असूनही दोघांच्या चकत्यांची झीज बरीच मिळतीजुळती निघाली. म्हणून "मीच काहीतरी चुकीचं केलं" हा बोल स्वतःला लावून घेणाऱ्यांनी तो थोडा सैल करावा.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. मूळ इजा भरून आलेली असते, तरी साध्या हालचालीलाही धोक्याची घंटा वाजते. भीतीने माणूस आखडतो, आखडल्याने स्नायू दुबळे पडतात, दुबळ्या स्नायूंना थोडं कामही जड जातं आणि पुन्हा दुखतं.

(दृश्य: काळी पडद्याची चौकट. आवाज संथ.)

उपचारांकडे वळण्याआधी, घरी थांबून चालत नाही अशी लक्षणं नीट ऐका. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं. शौचावरचा ताबा जाणं. मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसताना खुर्चीला टेकतो त्या भागात बधिरपणा. दोन्ही पायांतली शक्ती कमी होत जाणं. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो, तो दाबला गेल्याची ही खूण. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. उशीर झाला तर गेलेलं परत मिळेलच असं नाही. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतरचं दुखणं, ठिसूळ हाडं, यांपैकी काही सोबत असेल तरी डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि तरुण वयात, सकाळी अर्धा तास किंवा जास्त कंबर आखडलेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने मोकळी होणारी असेल, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. याचं निदान अनेकांत कित्येक वर्षं रखडतं.

(दृश्य: उजेड. खिडकी उघडणारा हात.)

बाकी सगळ्यांसाठी? पूर्वी सल्ला एकच होता: पडून राहा. १९९५ मध्ये हेलसिंकीत ताज्या कंबरदुखीच्या रुग्णांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस सक्त विश्रांती, एकाला कंबरेचे व्यायाम, एकाला फक्त एवढंच: झेपेल तितकी रोजची कामं करत राहा. लवकर बरा झाला तो हा तिसरा गट.

ताज्या दुखण्यात शेकाने आराम वाटतो, तो जरूर घ्या. पॅरासिटामॉल मात्र २०१४ च्या मोठ्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांनी थोडा फरक पडतो, पण पोट, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रेंगाळलेल्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात ठरवून दिलेला व्यायाम आहे, दुखणं समजावून सांगणं आहे, मनाच्या भीतीवर काम करणारी थेरपी आहे. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे कंबर ताणून धरणं, आणि अफूजन्य वेदनाशामकं यांची सरसकट शिफारस करू नये, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

शस्त्रक्रिया? साध्या कंबरदुखीत तिला क्वचितच जागा असते. तीव्र सायटिकाची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी थांबून पाहणाऱ्या गटापेक्षा लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले साधारण ९५ टक्के रुग्ण बरे होते. पायाची शक्ती जात नसेल, तर थांबायचं की नाही हे रुग्णाने माहिती घेऊन ठरवायचं असतं. कुणी घाबरवल्यामुळे नव्हे.

(दृश्य: पहिल्या प्रसंगातला माणूस दारात बसून बुटाची नाडी बांधतो आहे. सावकाश, पण वाकून.)

बरी झालेली कंबर अनेकदा पुन्हा दुखते. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालण्याचा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, इथवर पोचायचं. सुरुवात ज्याला जेवढी जमेल तेवढीच. ज्यांना हा कार्यक्रम नव्हता, त्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांनी परतलं. चालणाऱ्यांचं २०८ दिवसांनी.

(दृश्य: तो माणूस फाटकाबाहेर पडतो. कोपऱ्यापर्यंत जातो, थांबतो, घड्याळ पाहतो. सहा मिनिटं. वळून परत निघतो.)